कोबीताई आणि सहावा आवाज

माझी थोरली बहीण बावीस वर्षं माणसं मारायचं काम करत होती. सकाळी साडेनवाला डबा घेऊन निघायची, दिवसभरात कुणाचं डोकं फोडायची, कुणाच्या बरगड्या मोडायची, कुणाचा गळा चिरायची, आणि संध्याकाळी सहाला घरी येऊन साबणाने हात धुऊन चहा टाकायची. व्हिडिओ गेममध्ये जे आवाज येतात ते आकाशातून पडत नाहीत, कुणीतरी बसून करावे लागतात. ताईचं हत्यार म्हणजे भाजीबाजार. डोकं फुटायचं ते कोबीचं. हाड मोडायचं ते ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या गाजरांचं. बोटं म्हणजे कच्चे नूडल्स, दात म्हणजे अक्रोड, आणि सुरी पोटात शिरायची ती पिकलेल्या कलिंगडात. बाजारात ती कोबी कानाशी धरून टिचकी मारायची आणि भाजीवाल्याला सांगायची, "हे डोकं चांगलंय, अशी चार द्या." भाजीवाला बिचारा मान खाली घालून वजन करायचा. स्टुडिओत तिला सगळे कोबीताई म्हणत आणि तिला त्याचा अभिमान होता.

स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या आणि मध्ये काच. काचेच्या अलीकडे ताई, तिचं टेबल, लाकडी हातोडा आणि भाजी; पलीकडे रेकॉर्डिंगवाला. बोललं की माइक ते उचलतो, म्हणून तिथे बोलायची सोय नव्हती. आवाज जमला की रेकॉर्डिंगवाला काचेवर बोटाने दोनदा टकटक करायचा. दोन टकटक म्हणजे पास, पुढे चला. नापास असेल तर काहीच नाही, नुसता बघत बसायचा. ताईची एकुलती एक लेक, तिला आम्ही ठकी म्हणतो, त्या टेबलाखालीच वाढली. वडील लवकर गेले, घरी सांभाळायला कुणी नाही, मग शाळा सुटली की ती स्टुडिओत येऊन गृहपाठ करायची आणि डोक्यावर दिवसभर माणसं मरायची. त्या दोघींची घरातली भाषासुद्धा तीच झाली होती. गणित बरोबर आलं की ताई टेबलावर दोनदा टकटक करायची. चहा बरा झाला की ठकी कपावर दोनदा टकटक करायची. मला बाहेरच्या माणसाला कधीकधी त्या घरात वेडं झाल्यासारखं वाटायचं.

मी धाकटा भाऊ. एका वर्तमानपत्रात दर शुक्रवारी "या आठवड्यात नवं काय" असं सदर लिहितो, नव्या गेम्सबद्दल. पन्नाशीच्या माणसाने असलं काम करावं का, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. थंडीत, सुट्ट्यांच्या हंगामात इतके गेम येतात की कुठला घेऊ आणि कुठला टाकू असं होतं. उन्हाळ्यात मात्र ठणठणपाळ. मोठ्या कंपन्या आपला माल दडवून ठेवतात, आणि मी रिकामा बसून माशा मारतो. त्या आठवड्यात चार गेम आले होते. एक मासे पकडायचा, ज्यात मासा गळाला लागेपर्यंत खरोखरची दहा मिनिटं थांबावं लागायचं. एक हरवलेली पत्रं पोहोचवायचा, तो बरा होता. एक जुनाच मोटारींचा, रंग लावून पुन्हा विकायला काढलेला. आणि चौथा 'लोखंडी गल्ली'. अकरा जणांनी मिळून केलेला छोटा गेम. एक माणूस एका गल्लीत शिरतो आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडेपर्यंत समोर येईल त्याला बुक्क्यांनी आणि नळीच्या तुकड्याने मारत सुटतो. खेळणाऱ्याने हात सोडला तरी समोरचे मारतच राहतात. बस, एवढीच गोष्ट.

त्या गेमचे सगळे आवाज ताईचे होते. आता बहिणीच्या कामाची जाहिरात करणं बरोबर नाही हे मला कळतं, पण बाकी तिघांत लिहिण्यासारखं नव्हतं आणि जागा तर भरायची होती. मी तिचं नाव न घालता लिहिलं: "आठवडा सुस्त असला तरी हा एक गेम चुकवू नका. यातला मार कानाला खरा वाटतो. स्पीकर असतील तर आवाज पूर्ण मोठा करून खेळा." हे वाक्य मी लिहिलं. ते मला आजही पाठ आहे, आणि विसरता आलं असतं तर मी काहीही दिलं असतं.

एका घावाला एक आवाज पुरत नाही, हे मला ताईनेच शिकवलं होतं. तोच आवाज पुन्हापुन्हा वाजला की खेळणाऱ्याच्या कानाला खोटेपणा कळतो. म्हणून बुक्क्याचे पाच आवाज करायचे आणि गेमने ते आलटून पालटून वाजवायचे. 'लोखंडी गल्ली'च्या बुक्क्यासाठी तिने चामड्याच्या जुन्या पिशवीत ओले टॉवेल कोंबले होते आणि आत कोबी. त्या पाच आवाजांना ती पाच भाऊ म्हणायची. थोरला दणकट, दुसरा त्याची नक्कल करणारा, मधला कोरडा, चौथा खोडकर, आणि शेंडेफळ, ज्याच्या शेवटाला किंचित पचपच होती. मी एकदा तिला विचारलं होतं की खरा बुक्का कसा वाजतो. ती म्हणाली, "खरा मार अगदी बेकार वाजतो रे. मी बॉक्सिंगच्या क्लबात माइक घेऊन पाच तास बसले होते. एक सेकंद वापरता आला नाही. नुसतं गादीवर उशी टाकल्यासारखं. मी असला आवाज आणला असता तर मला कुणी दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नसतं."

ठकीचं लग्न दीड वर्षापूर्वी झालं होतं. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते. नवरा शाळेत गणित शिकवतो. आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. बोलणं साखरेत घोळलेलं, आवाज कधी चढलेला नाही, मोठ्यांसमोर पाय मुडपून बसणार. ताई म्हणायची, "गरीब गाय आहे माझा जावई." ताईच्या शेजारची जागा रिकामी झाली तेव्हा तिनेच घरमालकाच्या मागे लागून ती दोघांना मिळवून दिली. मधली भिंत एका विटेची. ठकी शिंकली की ताई अलीकडून म्हणायची, "काढा घे गं." भिंतीला कान असतात म्हणतात, पण त्या भिंतीच्या अलीकडे ज्या बाईचे कान होते तसे अख्ख्या शहरात कुणाचे नव्हते. मला वाटायचं, पोर किती सुखात आहे, आई हाकेच्या अंतरावर आहे.

उन्हाळ्यात ताईचा स्टुडिओ तीन आठवडे बंद असतो. एसी चालू ठेवला तर माइकमध्ये घरघर येते आणि बंद ठेवला तर माणसं शिजतात, म्हणून मालकानेच तो नियम केला होता. मास्तरच्या शाळेला सुट्टी होती. ठकीचं दुकान उन्हामुळे एक ते चार बंद असायचं, तेवढ्यात ती घरी जेवायला यायची. आणि मी, त्या दिवसांत लिहायला काही नाही म्हणून, रोज दुपारी ताईकडे जेवायला जायचो. थोडक्यात, सगळे जण घरी होते.

गेम आला त्या शुक्रवारी दुपारी आम्ही जेवत होतो आणि भिंतीतून धाडकन आवाज आला. मग आणखी एक. मग दोन लागोपाठ. ताईचा घास हातातच राहिला. तिचं तोंड एकदम उजळलं.

"अगं बाई! हा थोरला! आणि हा बघ, हा मधला!" ती मला म्हणाली. "मास्तरांनी घेतला वाटतं गेम!"

"माझं वाचून घेतला असणार," मी म्हणालो. मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू.

ताई उठली, भिंतीपाशी गेली आणि बोटाने दोनदा टकटक केलं. पलीकडे एकदम शांत झालं. मग गेम पुन्हा सुरू झाला. ताई हसत येऊन बसली आणि म्हणाली, "ठकीला कळलं असेल. माझा आवाज पास."

पुढे तो रोजचा खेळच झाला. दुपारी दीड वाजला की भिंतीपलीकडे 'लोखंडी गल्ली' सुरू व्हायची आणि ताई अलीकडे जेवता जेवता भावांची ओळख करून द्यायची. एखादा आवाज फारच छान लागला की उठून दोन टकटक. एकदा मीही केलं, तिची नक्कल म्हणून. दुसऱ्या आठवड्यात मास्तर जिन्यात भेटला आणि नेहमीसारखा मान झुकवून म्हणाला, "मामा, तुमचं वाचून मोठे स्पीकर घेतले हो. फरक पडतो खरंच." खालच्या मजल्यावरच्या बाई कुरकुर करायला लागल्या. ताईने त्यांना सुनावलं, "दुपारचे दोन वाजलेत, रात्रीचे नाही. माझ्या जावयाने सुट्टीत जरा खेळलं तर तुमचं काय दुखतं?" त्या बाई मुकाट्याने खाली गेल्या.

ठकी त्या दिवसांत आमच्याकडे यायची बंदच झाली होती. एकदाच आली, तेव्हा ताईने मला आणि तिला दोघांना बसवून खायला घातलं. ती एका बाजूने चावत होती. मी विचारलं तर म्हणाली, "दाढ दुखतेय, मामा." मी म्हणालो, डॉक्टरकडे जा. ती आईकडे बघत राहिली, खूप वेळ. ताई म्हणाली, "काय गं, मीठ कमी झालंय का?" ठकी म्हणाली, "नाही. ठीक आहे सगळं." आणि उठून गेली. आम्ही दोघांनीही कानाडोळा केला. हा शब्द किती नेमका आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

अठराव्या दिवशी, सोमवारी, मी कलिंगड घेऊन गेलो होतो. ताई ते कापत होती आणि सवयीने प्रत्येक फोडीला कान देत होती. पलीकडे गेम चालू होता. थोरला आला, खोडकर आला, शेंडेफळ आलं. मग एक आवाज आला, अगदी साधा. जमिनीवर गाठोडं टाकावं तेवढाच. मी तर तो ऐकलाही नव्हता. ताईची सुरी थांबली.

"हा माझा नाही," ती म्हणाली.

"काय?"

"हा सहावा आहे. मी पाच केलेत. हा सहावा कुठून आला?"

"काहीतरी पडलं असेल, ताई."

"गप्प बस."

तेवढ्यात भिंतीपलीकडचं संगीत बदललं. धडधड थांबली आणि एक संथ सूर सुरू झाला. तो सूर मला चांगला ठाऊक होता. गेम थांबवून ठेवला की पडद्यावर गल्लीचं चित्र गोठतं आणि तो सूर वाजत राहतो. त्या सुरावर तोच साधा आवाज पुन्हा आला. मग आणखी एकदा.

"ताई," मी म्हणालो, "गेम थांबवलेला आहे. थांबवलेल्या गेममध्ये मार नसतो."

तिने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या बहिणीचं तोंड चोपन्न वर्षं बघतोय, पण ते तोंड मी कधी बघितलं नव्हतं. स्टुडिओ बंद होता म्हणून तिची अवजारं घरीच होती. तिने लाकडी हातोडा उचलला, खिळ्यावरची शेजारच्या घराची किल्ली घेतली आणि चप्पल न घालता बाहेर पडली. मी मागे धावलो.

दार उघडलं तेव्हा पडदे ओढलेले होते आणि टीव्हीवर ती गोठलेली गल्ली होती. ठकी जमिनीवर पालथी पडली होती. मास्तर तिच्या पाठीवर गुडघा रोवून बसला होता. डाव्या हाताने त्याने तिचं तोंड उशीत दाबलं होतं आणि उजव्या मुठीने तो तिच्या बरगड्यांत मारत होता. रागाने नाही. वह्या तपासताना माणूस जसा एकेक करून बाजूला ठेवतो तसा, न चुकता, थांबून थांबून. ठकी हलत नव्हती, ओरडत नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, अक्षरशः हाच. त्याने मान वर केली, आम्हाला बघितलं आणि त्याच गोड आवाजात म्हणाला, "आई, तुम्ही? जेवण झालं का?"

ताईने हातोडा फिरवला आणि तो त्याच्या उजव्या मनगटावर बसला. मनगट वाकडं झालं. तिने पुन्हा मारलं, कोपरावर. तो किंचाळला. तिसरा घाव खांद्यावर गेला. मी दारात उभा होतो. गेममध्ये मी हजारो माणसं मारली आहेत, कुठल्या बटणाने कसं मारायचं हे लोकांना सांगून पोट भरलं आहे, आणि मी दारात उभा होतो. मास्तर एका झटक्यात उठला, त्याने डाव्या हाताने ताईचा गळा धरला आणि तिचं डोकं त्या एका विटेच्या भिंतीवर आपटलं. एकदा. दोनदा. तिच्या कानातून रक्त आलं आणि मानेवरून खाली उतरलं. हातोडा खाली पडला. ताईने दोन्ही हातांच्या नखांनी त्याचं तोंड फाडलं, त्याच्या हाताचा चावा घेतला आणि सोडला नाही, तिच्या दातांतून त्याचं रक्त गळत होतं तरी सोडला नाही. तेव्हा कुठे माझे पाय हलले. मला मारता येत नाही. मी नुसता त्याच्या पाठीवर पडलो. माझं वजन ब्याण्णव किलो आहे, ते आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या कामी आलं. तो तोंडावर आपटला, त्याचे पुढचे दात फरशीवर फुटले, आणि मी त्याच्यावर बसून राहिलो. त्याने धडपड केली की मी त्याचं डोकं केसांना धरून फरशीवर दाबत होतो. मला ते करताना बरं वाटत होतं, हे मी लपवणार नाही.

दारात खालच्या मजल्यावरच्या बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. "गेमचा आवाज जरा..." एवढं बोलून त्यांनीच पोलिसांना फोन केला.

ताई गुडघ्यांवर सरकत ठकीकडे गेली. तिने तिला उताणं केलं. ठकीचा एक डोळा बंद झाला होता, ओठ फाटला होता. गाऊनच्या गळ्यातून दिसत होतं तेवढ्यावर जुने पिवळे डाग होते आणि त्यांच्यावर नवे काळे. ताई म्हणाली, "ठके, मी आले. मला ऐकू आलं, मी आले."

ठकीने आईचा हात बाजूला केला.

"रोजच ऐकू येत होतं ना तुला?" तिचा आवाज अगदी हळू होता. "मी पहिल्या दिवशी मुद्दाम भिंतीपाशी सरकले. म्हटलं, आई आहे पलीकडे, तिचे कान आहेत. तू टकटक केलंस. दोनदा. तू पास केलंस, आई. रोज केलंस."

मी मास्तरवर बसलेला, खाली तो रडत होता, आणि टीव्हीवर तो संथ सूर चालूच होता. तो बंद करायचं कुणालाच सुचलं नाही.

दवाखान्यात ताईच्या डाव्या कानाचा पडदा फाटल्याचं निघालं. ठकीच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या, दोन ताज्या, एक जुनी आणि वाकडी जुळलेली. संध्याकाळी चौकीत सगळ्यांचे जबाब घ्यायला एक हवालदारबाई बसल्या. थकलेल्या होत्या, पण तोडून बोलणाऱ्या नव्हत्या. मास्तर हाताला प्लास्टर आणि तोंडाला बोळा लावून कोपऱ्यात बसला होता आणि तेवढ्यातूनही गोडच बोलत होता. त्याचं म्हणणं असं की बायको न्हाणीघरात घसरली, तो तिला उठवत होता, आणि सासूबाई आवाजाच्या कामामुळे थोड्या भ्रमिष्ट झाल्या आहेत, गेमचा आवाज ऐकून त्यांचा गैरसमज झाला. शाळेतल्या दोन शिक्षकांनी येऊन सांगितलं की असा सज्जन माणूस मिळायचा नाही. इमारतीतल्या सगळ्यांनी एकच सांगितलं: गेमचा आवाज होता, रोज असतो. कुणी खोटं बोलत नव्हतं.

ठकी बाकावर बसली होती, दोन्ही हात मांडीखाली घालून. हवालदारबाईंनी तिला तीनदा विचारलं. तिने मान वर केली नाही. चौथ्यांदा विचारल्यावर ती म्हणाली, "मला माहीत नाही." आणि मास्तरने कोपऱ्यातून एक सुस्कारा टाकला, अगदी दमल्यासारखा.

बाहेर येऊन हवालदारबाई मला म्हणाल्या, "तुम्ही दोघं घरचीच माणसं, तुमचा शब्द पुरायचा नाही. पोरगी बोलली नाही तर हा उद्या घरी जाईल. आणि ती त्याच घरी जाईल. अशा केसेस मी बघितल्यात. तिसऱ्यांदा येते ती मग बोलायच्या अवस्थेत नसते." त्यांनी हे पाणी प्यायला थांबल्यासारखं सहज सांगितलं आणि आत गेल्या.

मग ताईची पाळी आली. मी तिच्या चांगल्या कानाशी वाकून म्हणालो, "ताई, आजच ऐकलं म्हणून सांग. आज ऐकलं, आज धावलीस. बाकी काही बोलू नकोस. नाहीतर लोक म्हणतील, आई असून अठरा दिवस..." तिने मला कोपराने ढकललं. जोरात, छातीत.

"तुम्हाला पहिल्यांदा कधी ऐकू आलं?" हवालदारबाईंनी विचारलं.

"इकडच्या कानात बोला," ताई म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारलं.

"अठरा दिवसांपूर्वी. शुक्रवारी. लिहा."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"भिंतीवर दोनदा टकटक केलं. शाबासकी म्हणून. तेही लिहा."

हवालदारबाईंचं पेन थांबलं. "तो गेमचा आवाज नव्हता हे कशावरून?"

"गेमचे आवाज मी केलेत. बुक्क्याचे पाच आहेत, नळीचे पाच, पडण्याचे चार. चौदाही मला माझ्या पोरीच्या हाकेसारखे पाठ आहेत. त्यांतला नसेल तो माझा नाही." तिने डोळे मिटले. "थांबा, मला मागे जाऊ द्या. मी सगळे ऐकलेत. ऐकू आले नाहीत असं नाही. वाईट आवाज म्हणून मी ते गाळत होते. बावीस वर्षांची सवय आहे मला. आता ते गाळलेले काढते. तुम्ही लिहीत चला."

आणि तिने काढले. एकेक दुपार घेऊन ती चालली. शुक्रवार, थोरला आणि मधला यांच्या मध्ये एक, मग तिच्या टकटकनंतर दोन. शनिवार, काही नाही. रविवार, जेवण संपताना एक, आणि भिंतीला काहीतरी घासलं, तो बहुतेक खांदा असेल. सोमवार चार, त्यांतला शेवटचा उशीतला. कुठल्या दिवशी आम्ही काय खात होतो, मी काय बडबडत होतो, ती कितव्यांदा उठून टकटक करून आली, सगळं. प्रत्येक आकडा म्हणजे तिच्याच तोंडावर तिने मारलेली चपराक होती, आणि ती एकही चुकवत नव्हती. ज्या दिवशी मी टकटक केलं तो दिवसही तिने सांगितला. "माझ्या भावाने केलं," असं लिहवून घेतलं. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मास्तरने मध्येच काहीतरी म्हणायला तोंड उघडलं तर हवालदारबाई त्याच्यावर खेकसल्या, "तू गप्प बस रे." अहोजाहो संपलं होतं. एक पान भरलं, दुसरं भरलं. ताईचा आवाज बसत चालला होता, बांधलेल्या कानातून पुन्हा रक्त झिरपत होतं, पण ती डोळे मिटून सांगतच होती.

"दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार," ताई म्हणाली. "दोन."

हवालदारबाईंनी दोन लिहिलं.

"तीन," बाकावरून आवाज आला.

आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. ठकीने हात मांडीखालून काढले होते. ती मास्तरकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. आईकडे बघत होती.

"मंगळवारी तीन होते, आई," ती म्हणाली. "पहिला पोटात होता. तो वाजला नाही."

हवालदारबाईंनी दोनचा आकडा खोडला आणि खुर्ची ठकीच्या बाजूला वळवून घेतली.